गार बोटांची कसोटी

कोरोनाकाळात ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार तो बोटातून प्रकाश सोडतो आणि नाडीच्या ठोक्यांवरून रक्तातील प्राणवायू मोजतो. परंतु रक्तदाब खालावून हातपाय गार पडलेल्या रुग्णाच्या बोटात तो ठोकाच क्षीण होतो नि आकडा फसवा ठरतो. ज्याला मापनाची निकड सर्वाधिक, त्याच्याच बाबतीत यंत्राने डगमगावे! बोटाला ऊब देणे हा तात्पुरता इलाज. यंत्राची अचूकता प्रामुख्याने निरोगी स्वयंसेवकांवर पडताळली जाते, हे खरे दुखणे. आपल्या अतिदक्षता विभागांत धमनीतील रक्ताची तपासणी होतच असते; गार बोटांवरील आकडे तिच्याशी ताडून पाहिल्याखेरीज कोणत्याही ऑक्सिमीटरला, मग तो स्वदेशी का असेना, केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने परवाना देऊ नये.