आगोटीच्या बेगमीत जलसंजीवनीही असू द्या



मृगाच्या तोंडावर घरोघर आगोटीची तजवीज चालू आहे. माळ्यावर लाकूडफाटा चढतो आहे, डब्यांत सुकट आणि मडक्यात जाडे मीठ भरले जात आहे. त्या मिठाच्या मडक्याशेजारी जलसंजीवनीच्या, म्हणजे ओआरएसच्या, चार पुड्या ठेवाव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियम हे क्षार आपल्या रक्तात विद्युद्भारित कणांच्या रूपाने वावरतात, आणि हृदयाचा ठोका, स्नायूचे आकुंचन, मज्जातंतूतून धावणारा संदेश हे सारे व्यवहार त्या कणांच्या पेशीबाहेर-पेशीआत चालणाऱ्या ये-जेवर अवलंबून असतात. वैशाखात चिरेखाणीवर घामाने निथळून वर नुसतेच पाणी ढोसणाऱ्या गड्याच्या पोटऱ्यांत गोळे येतात, आणि पहिल्या पावसाचे तांबडे पाणी विहिरीत उतरल्यावर हगवण लागलेले मूल, डोळे खोल जाऊन, दोन प्रहरांत निपचित पडते, ते पाण्याबरोबर हे क्षारही निघून गेल्यामुळेच. मीठ घातलेली पेज आजाऱ्याला पाजणाऱ्या आपल्या आज्या या बाबतीत चुकत नव्हत्या. चुकतात ते जुलाब थांबावेत म्हणून रोग्याचे पाणी तोडणारे.

अतिसाराने बेजार झालेले आतडेही साखर व मीठ योग्य प्रमाणात एकत्र आले, की दोन्ही शोषून घेते आणि त्यांच्यामागून पाणी आपोआप आत ओढले जाते. 1971 साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ उसळून सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मिश्रणाचे पाणी आप्तेष्टांच्या हातून रोग्यांना पाजले, आणि जिथे शंभरांत सुमारे 30 रोगी दगावत, तिथे ते प्रमाण 4 च्याही खाली आले.

मात्र मापात हयगय नको. मागल्या पावसाळ्यात आमच्या वाडीत एका माउलीने सबंध पुडी अर्ध्या पेल्यात ढवळून लेकराच्या ओठांशी नेली. पेल्याच्या तळाशी न विरघळलेले खडे मला दिसत होते, आणि एका घोटात पोराने तोंड फिरवले. तिला कोणी सांगितलेच नव्हते! असे जहाल पाणी शरीरातले उरलेसुरले पाणीही आतड्यात ओढून घेते. म्हणून 1 लिटरची सबंध पुडी उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यातच विरघळवावी, चमच्याचमच्याने पाजावी, ओकारी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावी, आणि 24 तासांनी उरलेले फेकावे. पुडी नसल्यास तेवढ्याच पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. अंगावरचे दूध तोडू नये. शौचातून रक्त गेले, लघवी बंद झाली किंवा ग्लानी आली, तर विनाविलंब ग्रामीण रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडाच्या वा हृदयाच्या रोग्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

पुड्या आशाताईंकडे मागाव्यात. चिरेखाणीच्या मालकांनी मजुरांसाठी त्या जरूर बाळगाव्यात. आणि लिटरचे माप घरात नसेल, तर पाण्याची 1 लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन त्या पुड्यांपाशीच ठेवावी.