तीन मतांची हार

मराठी शाळांविषयीच्या एका बैठकीत मागच्या वर्षी मी बोलत होतो. मुद्दा जरा रंगात येतोय, तोच एका जुन्या कार्यकर्त्या मित्राने मध्ये तोडलं, "ते सगळं ठीक आहे रे, पण भाषेच्या मुद्द्यावर जागा किती येतात?" खोलीत हशा पिकला. मीही हसलो. घरी परतताना मात्र स्वतःचाच राग आला, कारण या प्रश्नाला एक चांगलं उत्तर मला माहीत होतं आणि ते मी दिलं नव्हतं. ते वेल्समधल्या एका मतदारसंघात आहे. तो मतदारसंघ आता नकाशावर नाही.

कार्मार्दन हे त्याचं नाव. १९१८ ते १९९७ इतकं त्याचं आयुष्य. नैर्ऋत्य वेल्समधला हा शेती-दुभत्याचा मुलूख, पूर्वेकडच्या खोऱ्यांत कोळशाच्या खाणी, आणि गावोगाव वेल्श बोलणारी माणसं. इथे लिबरल आणि लेबर यांची जुनी झुंज होती. १९५७ च्या पोटनिवडणुकीत मेगन लॉइड जॉर्ज इथून निवडून आल्या. माजी पंतप्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज यांची ही मुलगी. आयुष्याचा मोठा भाग लिबरल पक्षात काढून त्या लेबरमध्ये आल्या होत्या. मे १९६६ मध्ये त्यांचं निधन झालं आणि १४ जुलैला पोटनिवडणूक झाली.

ती जिंकली ग्विनव्हॉर एव्हन्स यांनी. त्यांच्या प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रीय पक्षाची स्थापना १९२५ ची. म्हणजे पहिला खासदार मिळायला ४१ वर्षं लागली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सार्वत्रिक निवडणुकीत एव्हन्स याच मतदारसंघात तिसरे आले होते, सुमारे १६ टक्के मतं घेऊन. चार महिन्यांत ते ३९ टक्क्यांवर गेले आणि २,४३६ मतांनी जिंकले.

इथे भाषाप्रेमी मंडळी भावुक होतात. 'भाषेसाठी जनता पेटून उठली' अशी कथा सांगतात. मला ही कथा मान्य नाही. लेबरचे उमेदवार ग्विलिम प्रिस डेव्हिस हेही वेल्श बोलणारे, वेल्सच्या स्वायत्ततेबद्दल आस्था असणारे होते. मतदाराला भाषेचा शत्रू आणि भाषेचा मित्र यांतून निवड करायची नव्हती. खाणी बंद पडत होत्या. कार्मार्दन-अबेरिस्टविथ रेल्वेमार्गावरची प्रवासी वाहतूक १९६५ मध्ये थांबली होती. खेड्यातल्या लहान शाळांवर गदा येत होती. लंडनचं सरकार आपलं ऐकत नाही, या रागाला एक परिचित, सभ्य, स्थानिक उमेदवार मिळाला. भाषेची मागणी त्या रागासोबत संसदेत गेली, एकटी गेली नाही.

हे कळण्यासाठी शेजारचं एक उदाहरण पाहावं. लिव्हरपूल शहराला पाणी देण्यासाठी मेरियोनेथमधलं कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव धरणाखाली गेलं. १९५७ मध्ये त्याचा कायदा झाला, तेव्हा वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नाही. तरी तो मंजूर झाला. एव्हन्स या लढ्यात पुढे होते. आणि १९५९ मध्ये त्याच मेरियोनेथमधून उभे राहून ते हरले! ज्या मतदारसंघातलं गाव बुडणार होतं, त्यानेच त्यांना नाकारलं. माझ्या मित्राने त्या रात्री हिशेब केला असता तर म्हणाला असता, संपला हा मुद्दा.

पुढचा हिशेब असा. १९६६ च्या विजयानंतर मार्च १९६७ मध्ये ऱ्हॉन्डा वेस्टच्या पोटनिवडणुकीत लेबरचं जवळजवळ १७ हजारांचं मताधिक्य २,३०६ वर आलं. जुलै १९६८ मध्ये कायरफिलीत २१ हजारांचं मताधिक्य १,८७४ वर घसरलं. या दोन्ही जागा प्लाइड कम्री हरला. पण एकदा कार्मार्दन गेल्यावर बालेकिल्ल्यातल्या निसटत्या विजयांचीही सत्ताधाऱ्यांना धास्ती वाटू लागली. सत्तेला जाग आणायला जिंकावंच लागतं असं नाही, हरण्याचं अंतर कमी झालं तरी पुरतं.

१९७० मध्ये एव्हन्स हरले. लेबरचे ग्विनोरो जोन्स जिंकले. फेब्रुवारी १९७४ मध्ये पुन्हा तेच दोघे समोरासमोर. फेरमोजण्या झाल्या आणि निकाल लागला: जोन्स १७,१६५, एव्हन्स १७,१६२. तीन मतं. एखाद्या घरातली माणसं पावसामुळे बाहेर पडली नसती तरी फिरला असता इतका हा निकाल. ऑक्टोबरमध्ये एव्हन्स ३,६४० मतांनी परत आले. १९७९ मध्ये पुन्हा पडले. त्याच वर्षी १ मार्चच्या सार्वमतात वेल्सने स्वतःची विधानसभाही चारास एक अशा प्रमाणात फेटाळली होती.

जागा शून्य, सार्वमत गेलेलं, वय ६७. याच माणसाने पुढच्या वर्षी सरकारला नमवलं. वेल्श भाषेची स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी देऊ, असं आश्वासन देऊन हुजूर पक्ष निवडून आला आणि सत्तेवर येताच मागे फिरला. एव्हन्स यांनी जाहीर केलं, ६ ऑक्टोबर १९८० पासून मी आमरण उपोषणाला बसेन. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १७ सप्टेंबरला निर्णय फिरवला. १ नोव्हेंबर १९८२ रोजी 'एस फोर सी' सुरू झाली.

आणि १९८३ च्या निवडणुकीत कार्मार्दनने एव्हन्सना तिसऱ्या क्रमांकावर ढकललं.

'जागा किती' विचारणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की वाहिनी मिळवून दिल्यावर माणूस तिसरा येतो, हा निकाल त्या वाहिनीविरुद्धचा कौल नव्हता. मतदार खासदार निवडतो, तेव्हा दूध, कोळसा, पेन्शन, पक्ष असं सगळं एका खुणेत कोंबतो. त्या एका खुणेतून भाषेबद्दलचं मत वेगळं काढता येत नाही. वेल्सच्या स्वायत्ततेबद्दल मात्र स्वतंत्रपणे विचारलं गेलं, १८ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात. शेवटचा निकाल येईपर्यंत 'नाही'ची बाजू पुढे होती. तो शेवटचा निकाल कार्मार्दनशायर जिल्ह्याचा होता. त्याने पारडं फिरवलं आणि ६,७२१ मतांनी वेल्सला स्वतःचं प्रतिनिधिगृह मिळालं. मतदारसंघ त्याच वर्षी विसर्जित झाला होता, पण तीस वर्षं त्याच्यात मुरलेलं राजकारण विसर्जित झालं नव्हतं.

एवढ्यावर थांबलो तर माझीही कथा भावुक ठरेल. म्हणून दुसरी बाजू. २००१ च्या जनगणनेत कार्मार्दनशायरमध्ये निम्म्याहून किंचित जास्त लोक वेल्श बोलत होते. २०११ मध्ये ४३.९ टक्के, २०२१ मध्ये ३९.९ टक्के. कायदा आहे, वाहिनी आहे, प्रतिनिधिगृह आहे, आणि तरीही भाषा उतरणीला आहे. तरुण कामासाठी बाहेर जातात, बाहेरचे निवृत्तीसाठी येतात, आणि घराघरात आईबाप मुलांशी कोणत्या भाषेत बोलायचं हे ठरवतात. त्या निर्णयाची मतमोजणी कोणी करत नाही.

म्हणून मला मित्राइतकाच राग स्वतःवर आहे. माझी मुलगी इंग्रजी माध्यमात शिकते. तिला घालताना मीही हिशेबच केला होता. मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्या दिवशी मी आनंदाचे निरोप पाठवले, आणि संध्याकाळी तिचा अभ्यास इंग्रजीतून घेतला. राजकारणाने दार उघडून द्यावं हा हट्ट मी सोडणार नाही. कार्मार्दन सांगतं की हरणारे लोकही ते उघडू शकतात. पण उघडलेल्या दारातून आत जायचं काम कोणत्याही खासदाराचं नाही.

पुढच्या महिन्यात तीच बैठक आहे. मित्र येणारच. त्याला मी आधी तीन मतांची गोष्ट सांगेन, आणि मग विचारेन, तुझी नातवंडं कोणत्या शाळेत आहेत रे? तोही मला उलट विचारेलच. विचारू दे.