'येस' म्हणावे की 'नो'?



आमच्या ओळखीतील एक मुलगी बी.कॉम. झाली आणि आयुष्यातील पहिल्या मुलाखतीला गेली. साहेबांनी अर्ज चाळत विचारले, "यू हॅवन्ट वर्क्ड बिफोर, हॅव यू?" मुलीने अदबीने उत्तर दिले, "येस, सर." साहेबांनी मान वर केली. "व्हेअर?" मुलगी गोंधळली. कुठे म्हणजे? काम केलेले नाही, असेच तर आपण सांगितले! त्यानंतर ती सावरलीच नाही. घरी येऊन आईला म्हणाली, "माझं इंग्रजीच कच्चं आहे." आम्ही तिला म्हटले, "पोरी, इंग्रजी कच्चं नाही. शब्द इंग्रजी होता, पण उत्तर तू मराठीत दिलंस."

ते कसे, पाहा. "तू जेवली नाहीस ना?" असे कोणी विचारले तर आपण म्हणतो, "हो, नाही जेवले." आपला 'हो' समोरच्याच्या बोलण्याला असतो, तुमचे म्हणणे बरोबर आहे, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीतला 'येस' समोरच्याच्या बोलण्याकडे पाहत नाही, घडलेल्या गोष्टीकडे पाहतो. काम केले असेल तर "येस, आय हॅव"; केले नसेल तर "नो, आय हॅवन्ट". प्रश्न सुलटा येवो की उलटा, उत्तर तेच.

वाक्याच्या शेवटी येणाऱ्या या शेपटाला शाळेत 'क्वेश्चन टॅग' म्हणतात. मुले तो परीक्षेत बिनचूक लिहितात. मूळ वाक्य होकारी तर शेपूट नकारी: "शी कॅन टाइप, कान्ट शी?" मूळ वाक्य नकारी तर शेपूट होकारी: "ही इझन्ट ॲट होम, इज ही?" वाक्यात साहाय्यक क्रियापद नसेल तर 'डू', 'डझ', 'डिड' मदतीला येतात: "दे लिव्ह हिअर, डोन्ट दे?" दोन ठिकाणी मात्र मुले हमखास अडखळतात. "आय ॲम लेट" याचे शेपूट "आरन्ट आय?" असे होते. आणि 'नोबडी' हा शब्द मुळातच नकारी असल्याने "नोबडी केम, डिड दे?" असे म्हणावे लागते.

आपण मराठी माणसे प्रत्येक वाक्यापुढे "इझन्ट इट?" जोडतो, कारण आपल्याकडे सगळ्या वाक्यांना एकच 'ना' पुरतो. यात लाजण्यासारखे काही नाही. खुद्द लंडनमध्येही अनेक लोक बोलताना कुठल्याही वाक्याला "इनिट?" जोडतात. पण मुलाखतीत आणि परीक्षेत नियमाचेच रूप वापरावे.

पेपरात न येणारी गोष्ट म्हणजे आवाज. "द ट्रेन लीव्हज ॲट फाइव्ह, डझन्ट इट?" यातील शेवटचा स्वर वर चढला तर बोलणाऱ्याला खात्री नाही, तो खरोखर विचारतो आहे. स्वर खाली उतरला तर त्याला वेळ माहीत आहे. फक्त दुजोरा हवा आहे. "इट्स हॉट टुडे, इझन्ट इट?" असे कोणी उतरत्या स्वरात म्हटले तर तो बोलण्याचे दार उघडतो आहे. अशा वेळी गप्प राहू नये. "येस, इट इज" म्हणून पुढे स्वतःचे एखादे वाक्य जोडावे.

भगिनींसाठी आणखी थोडे. अमेरिकेतील भाषाभ्यासक रॉबिन लेकॉफ यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात असे मांडले होते, की अशी शेपटे स्त्रिया अधिक वापरतात आणि त्यातून त्यांचे बिचकणे दिसते. पुढे न्यूझीलंडच्या जॅनेट होम्स यांनी प्रत्यक्ष संभाषणे तपासून १९८४ साली निष्कर्ष मांडले. त्यांना आढळले, की स्त्रिया शेपटे बहुधा समोरच्याला बोलते करण्यासाठी वापरतात. खात्री नाही म्हणून वापरण्याचे प्रमाण पुरुषांतच जास्त होते. तेव्हा शेपूट म्हणजे दुबळेपणा, असे कोणी सांगितले तर मनावर घेऊ नका.

आता सरावाचे. त्या मुलीच्या आईला इंग्रजी येत नाही. तरी आम्ही सुचवल्याप्रमाणे ती रोज भाकरी थापता थापता लेकीला मराठीत उलटे प्रश्न विचारते. "तू चहा घेतला नाहीस ना?" "दादा अजून आला नाही ना?" मुलगी इंग्रजीत उत्तर देते: "नो, आय हॅवन्ट." "नो, ही हॅझन्ट." पहिले चार दिवस तोंडातून 'येस'च निघत होता. पाचव्या दिवशी 'नो' आपसूक आला.

मातांनो, हा सराव तुमच्याही घरी होण्यासारखा आहे. त्यासाठी क्लासची फी लागत नाही आणि आईला इंग्रजी यावेच लागते, असेही नाही. आज रात्रीच जेवताना एक उलटा प्रश्न विचारून पाहा.