टेकडी पेटते तेव्हा



गेल्या एप्रिलमध्ये आठवडाभराची सुट्टी काढून रामाकोन्याला गेलो होतो. दुसऱ्याच रात्री जेवणं आटोपून अंगणात खाटा टाकल्या, तर समोरच्या टेकडीवर लाल रेघ दिसली. लहानपणी आम्ही ती बघून 'डोंगराने माळ घातली' म्हणायचो. या वेळी मात्र बाबा उठून उभे राहिले. टेकडीच्या पायथ्याशी आमचा संत्र्याचा बगीचा आहे, आणि अंबिया बहाराची फळं नुकती बोराएवढी झाली होती.

चुलतभाऊ, मी आणि शेजारचे पाच-सहा जण धावलो. पळसाच्या हिरव्या फांद्या तोडून आग झोडपत राहिलो. वनरक्षक मोटरसायकलवर पोचला, तेव्हा त्याच्या कपड्यांवर आधीच दुसऱ्या कुठल्या तरी आगीची राख होती. रात्री दोनला रेघ विझली. बगीचा वाचला, कुंपणालगतची चार झाडं करपली.

सकाळी चहाच्या टपरीवर मी विचारलं, एवढ्या मोठ्या गावातून इतकेच लोक कसे आले? एक म्हातारे काका म्हणाले, "आपलं काय जळते त्यात? सरकारचं जंगल हाय."

मला आधी राग आला. मग वाटलं, काकांना हे शिकवलं कुणी?

आपल्या भागात जंगलाला आग बहुतेक वेळा माणसाच्याच हातून लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. तेंदूच्या झुडपांना कोवळी पानं फुटावीत म्हणूनही काही ठिकाणी आग लावतात. खरं तर त्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटली की पुरतं. पण छाटणीला मेहनत लागते. ज्या झुडपावर आपला हक्कच नाही, त्याच्यासाठी मेहनत कोण करणार?

हा हक्क गेला कसा, ते थोडक्यात सांगतो. इंग्रजांना रेल्वेच्या स्लीपरसाठी सागवान हवं होतं. आपल्याच सातपुड्यातलं बोरी हे देशातल्या सगळ्यात जुन्या राखीव जंगलांपैकी एक, 1865 सालचं. पुढे 1927 चा भारतीय वन कायदा आला, तो आजही लागू आहे. त्याचा मतलब असा: संरक्षित जंगलात मनाई नसेल ते चालतं, राखीव जंगलात परवानगी नसेल ते चालत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, राखीव जंगल म्हणजे 'सगळ्यांना बंद, विचारून उघडा'. याच कायद्याच्या कलम 79 मध्ये एक गंमत आहे. जंगलातून ज्याला काही घ्यायचा हक्क आहे, त्याने आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. म्हणजे हक्क आणि जबाबदारी जोडीने येतात, हे इंग्रजांनाही कळत होतं. आपल्याकडे हक्क आकसत गेला आणि काकांच्या मनातून जबाबदारीही गेली.

मध्य प्रदेशात तेंदूपत्त्याचा व्यापार 1964 च्या कायद्याने सरकारने हाती घेतला. 1988 नंतर तो सहकारी समित्यांकडे आला. 50 पानांची एक गड्डी, 1,000 गड्ड्यांचा एक मानक बोरा. मजुरी मिळते, बोनसही मिळतो. पण कुठलं जंगल राखायचं, कुठे तोडायचं नाही, हे पानं तोडणारी बाई ठरवत नाही.

ती ठरवू लागली तर काय होतं? चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये या गावाला सुमारे 1,000 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर ग्रामसभेने चक्क तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. कारण साधं होतं: त्यापायी फांद्या तोडल्या जातात, आगी लागतात. पत्ता नाही तोडला, तर झाडाला फळं धरतात आणि ती पाखरांना मिळतात. उत्पन्न बांबूतून काढायचं ठरलं, आणि जंगलाचा एक तुकडा देवराईसारखा राखून ठेवला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला असाच हक्क 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर मिळाला. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ग्रामसभा बसते. हक्क मिळाला की सगळी गावं शहाणी होतात असं नाही. पण पाचगावने जे केलं, ते करायला वरून कुणी सांगितलं नव्हतं.

"हे महाराष्ट्रातलं झालं," असं तुम्ही म्हणाल. वनहक्क कायदा मात्र आपल्याकडेही तोच आहे. शिवाय सौंसर तालुक्यातले काही आणि पांढुर्ण्यातले बरेचसे पटवारी हलके पाचव्या अनुसूचीत येतात. तिथे मध्य प्रदेशचे नोव्हेंबर 2022 चे पेसा नियम लागू आहेत. ग्रामसभेने ठराव केला, तर तेंदूपत्ता गोळा करणं आणि विकणं ती स्वतःकडे घेऊ शकते. ही टेकडी आपल्यापुरतीच आहे असंही नाही. पेंच आणि सातपुडा या दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणारं जंगल आपल्याच भागातून जातं. इथला पाचोळा पेटला, तर वाघाची वाटच जळते.

त्या सुट्टीत बाबांना घेऊन ग्रामसभेला गेलो. माझं नाव आता तिथल्या मतदार यादीत नाही, म्हणून मी मागे बसलो. बाबांनी जाळरेषेचा विषय काढला. जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून उन्हाळ्याआधी पाचोळा काढून साफ केलेला पट्टा. पाच मिनिटं चर्चा झाली आणि गाडी नळाच्या पाण्यावर गेली. परत येताना मी हिरमुसलो होतो. चुलतभाऊ म्हणाला, "एका सभेत होत असते का दादा? पुढच्या सभेत पुन्हा काढू."

मी एवढंच केलं की भारतीय वन सर्वेक्षणाच्या आगीच्या सूचनांसाठी नाव नोंदवलं. उपग्रहाला 375 मीटरच्या चौकोनात उष्णता दिसते आणि फोनवर संदेश येतो. ही नोंदणी कुणालाही करता येते. आता बेंगळुरूत मीटिंगमध्ये असताना फोन वाजला की मी घरी फोन लावतो. पण फांदी घेऊन धावायला माणूस तिथेच लागतो, आणि तो धावेल कधी, तर टेकडी त्याची असेल तेव्हा.

तुमच्यापैकी अनेकांचं मूळ गाव अशाच एखाद्या टेकडीखाली असेल. या दिवाळीला घरी जाल तेव्हा एवढंच विचारा: आपल्या गावात वनहक्क समिती आहे का, आणि ती शेवटची कधी बसली? उत्तर मला जरूर कळवा. चहाच्या टपरीवरच्या काकांनाही मी तेच विचारणार आहे.