वर, बर आणि ओव्हर

पाचाडात 'वर' हा शब्द एकटा उभा राहतो. "वर चाललात का?" असे कुणी विचारले की कशावर, हे सांगावे लागत नाही, रायगडाखेरीज दुसरे 'वर' या गावाला नाही. (वर जाण्याचा आणखी एक अर्थ आहे खरा, पण तो इथे पटकन कुणाच्या मनात येत नाही.) ६ जून १६७४ला राज्याभिषेक वर झाला, १७ जूनला जिजाऊंनी देह ठेवला तो खाली, पाचाडात.

त्यांच्या समाधीपाशी आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, इंग्रजीतला 'ओव्हर' आपल्या 'वर'वरूनच गेला ना?" बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी 'नाही' म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. खरे तर उतरायला नको होता.

संस्कृत 'उपरि', प्राकृत 'उवरि', ज्ञानेश्वरीतले 'वरी' आणि आजचे 'वर' ही आपली वाट. तिकडे जुन्या इंग्रजीत 'ओफर', त्याचे 'ओव्हर'. जर्मनात 'यूबर', ग्रीकात 'हुपेर', लॅटिनात 'सुपेर'. सर्वांच्या मुळाशी 'प' आहे. आपल्याकडे त्याचा 'व' प्राकृतात झाला, इंग्रजांकडे 'फ'च्या मार्गाने, अगदी स्वतंत्रपणे. म्हणजे आज कानाला जे साम्य जाणवते तो योगायोग आणि नाते मात्र खरे! हे शब्द कुणी कुणाकडून उसने घेतलेले नाहीत, वारशाने आले आहेत.

याच वारशातला तिसरा वाटेकरी फारसी 'बर'. दारयवहूच्या बेहिस्तून शिलालेखात तो 'उपरिय' असा आहे. पुढे 'अबर', मग 'बर'. आपल्या 'बरखास्त', 'बरतर्फ', 'बरहुकूम' या शब्दांच्या तोंडाशी तोच बसला आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. नव्या राज्याला स्वतःची भाषा हवी होती आणि ते योग्यच होते. परंतु आज त्या कोशाचा दाखला देऊन 'बर'ला परका, शत्रूचा ठरवणारे मित्र भेटतात, त्यांना सांगावेसे वाटते की तो 'उपरि'चा चुलतभाऊ आहे. शिवाय मराठीने त्याला केव्हाच वळण लावले. फारसीत 'बर' नामाआधी येतो. आपण 'बरहुकूम' हा अख्खा शब्दच नामामागे नेला, नामाचे सामान्यरूप केले आणि 'आदेशाबरहुकूम' म्हणू लागलो.

अर्थात नाते कळले म्हणून वापर कळत नाही. डोक्यावर टोपी असते आणि डोक्यावर घारही असते. मराठीला एक 'वर' पुरतो. इंग्रजीत टोपीला 'ऑन' आणि घारीला 'ओव्हर'. आमची मुले इथेच अडखळतात. इंग्रजीच्या तासाला हा भेद पाठ करवला जातो आणि मराठीच्या तासाला शब्दयोगी अव्यय म्हणजे एका गुणाची व्याख्या. हे दोन तास एकमेकांशी बोलत नाहीत, आणि यात मी स्वतःलाही वगळत नाही. 'वर'चा पल्ला केवढा आहे, हे मी वर्गात कधीच विचारले नव्हते. त्यासाठी सहल निघावी लागली.

उतरताना त्याच मुलाने पुन्हा गाठले. "मग सर, 'खाली' तरी फारसी असेल?" रिकामा या अर्थाचा 'खाली' अरबी, फारसीमार्गे आलेला. पण पाचाड गडाच्या ज्या 'खाली' आहे तो वेगळा. तो पूर्वी 'खालीं' असा लिहीत. १९६२च्या लेखननियमांनी अनुस्वार गेला, आणि दोघे एकसारखे दिसू लागले.