शंभर कोटींतून एक

जेहान दारूवालाचा विषय निघाला की कोणीतरी 'थोडक्यात हुकलं हो' म्हणतंच. गेल्या वर्षी त्याच्यावरचा एक इंग्रजी लेख मी मराठीत आणला. तेव्हापासून हे हळहळणं मला सहन होत नाही.

२०११ मध्ये फोर्स इंडियाने होतकरू मुलं हेरायची मोहीम काढली. तिचं नाव मराठीत आणायचं तर 'शंभर कोटींतून एक'. निवडलेल्या तिघांत मुंबईचा शाळकरी जेहान होता. नाव झकास, पण गो-कार्ट, टायर, मेकॅनिक, युरोपातले हंगाम हा खर्च पेलणारी घरं आपल्याकडे किती? अपूर्णांकातला अंश खरा, छेद धादांत खोटा.

त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडात पहिली इंडियन ग्रां प्री झाली. आमच्या मयूर विहारमधून एक्स्प्रेसवेला लागलं की तो ट्रॅक काही लांब नाही. तीनच शर्यती झाल्या, तिन्ही फेटेलने जिंकल्या. राज्य सरकारच्या लेखी तो खेळ नव्हता, करमणूक होती. कर तसाच लागला. २०१३ नंतर फॉर्म्युला वन इथे फिरकली नाही.

जेहानची घरची ऐपत होती, २०२० पासून रेड बुलचा हातही पाठीवर होता. त्या डिसेंबरात साखीरला तो जिंकला, फॉर्म्युला टू जिंकणारा पहिला भारतीय. पण त्या मोसमात कार्लिन संघात त्याच्या शेजारच्याच गाडीत युकी त्सुनोडा होता. तोही रेड बुलचाच. त्सुनोडा तिसरा आला आणि पुढच्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये गेला, जेहान बारावा. पुढे २०२१ आणि २०२२, दोन्ही वर्षी सातवा. वरच्या परवान्याला तीन हंगामांत चाळीस गुण लागतात. याला हुकणं म्हणत नाहीत, निकाल म्हणतात. आणि फॉर्म्युला टूमध्ये सातवा येणं ही काय लाजेची गोष्ट आहे?

त्सुनोडा उपजतच वेगवान असेलही. पण त्याच्यामागे सुझुकाची रेसिंग शाळा होती, होंडाचा पैसा होता. आपण मोहिमेला नाव दिलं, ट्रॅक बांधला, त्यावर कर लावला. शाळा राहिली. त्रिलोकपुरीतल्या गॅरेजात कार्ब्युरेटर खोलणारं पोरगं त्या शंभर कोटींत धरलेलं होतं. त्याला कार्टमध्ये कोणी बसवलं?

भाषांतराला मी 'सातवा' असं शीर्षक दिलं होतं. छापून आलं ते 'निसटलेलं स्वप्न'.