शौक घराचा, पहाट कुणाची?

दिवाळी सरली की शहरात स्थायिक झालेल्या कुटुंबांना गावाकडच्या जमिनीची ओढ लागते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. त्यामुळे ज्यांना आपण हौशी शेतकरी म्हणतो, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे वडिलोपार्जित जमिनीतून वाटणीला आलेले वीस-तीस गुंठेच असतात. त्यावर एक टुमदार घर, चार आंबे, थोडी मेथी-कोथिंबीर आणि अलीकडे हटकून पंधरा-वीस कोंबड्या. हुरड्याच्या निमित्ताने पाहुणे येतात, शेकोटी पेटते, मुले खुराड्यातले कोमट अंडे तळहातावर धरून छायाचित्रे काढून घेतात. हे सारे सुखाचे आहे आणि त्याला कुणी नाके मुरडावीत असे मला मुळीच वाटत नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच, की रविवारी संध्याकाळी मोटार शहराकडे वळल्यानंतर सोमवारी पहाटे त्या खुराड्याचे दार कोण उघडते?

हा प्रश्न मुद्दाम थंडीच्या दिवसांत विचारावासा वाटतो, कारण कोंबडीच्या बाबतीत हिवाळ्याचा व्यवहार उलटा असतो : उत्पन्न कमी आणि काम जास्त. कोंबडीचे अंडे खाद्याइतकेच उजेडावर अवलंबून असते. अंड्यावर आलेल्या कोंबडीला दिवसाकाठी चौदा ते सोळा तास प्रकाश मिळाला, तर ती नेमाने अंडी देते. डिसेंबरच्या उत्तरार्धात नाशिक परिसरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. दिल्लीकडे बदली होऊन गेलेल्या आमच्या सहकाऱ्यांच्या अंगणात तो साडेदहा तासांचाही भरत नाही. त्यातच जुनी पिसे गाळून नवी धरण्याचाही हाच काळ. पिसे ही बव्हंशी प्रथिनांची. तेव्हा खाल्लेले अन्न अंड्याऐवजी अंगावर खर्ची पडते, आणि अंग उबदार ठेवण्यासाठी पक्षी खातोही अधिक. मार्गशीर्षात अनेक मराठी घरे अंडी वर्ज्य करतात आणि नेमक्या त्याच सुमारास घरच्या कोंबड्याही हात आखडता घेतात, हा योगायोग आमच्या आजीला मोठा अर्थपूर्ण वाटत असे. त्यामागे उजेडाचे साधे गणित आहे, हे तिला पटवून देण्याच्या भानगडीत घरातले कुणी पडले नाही.

हिवाळ्यातले काम कसे असते ते निफाड तालुक्यात पाहावे. तेथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदले जाणारे तापमान थंडीच्या लाटेत पाच अंशांच्याही खाली उतरते. द्राक्षबागायतदार पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवतात, तशा अवेळी खुराड्याकडेही कुणीतरी जावेच लागते. रात्री सोडलेले गोणपाटाचे पडदे उन्हे येताच गुंडाळायचे असतात; ते तसेच राहिले तर विष्ठेतून निघणारा अमोनिया आत कोंडतो आणि पक्ष्यांच्या श्वसनमार्गाला इजा करतो. रात्रीदेखील वरच्या बाजूला हवेसाठी फट ठेवावीच लागते. थंडी लागेल म्हणून चहूबाजूंनी बंद केलेले खुराडे हे उघड्या खुराड्याइतकेच घातक. भाताच्या तुसाची गादी दमट झाली असेल तर उलथायची, भिजलेला भाग काढून टाकायचा, गार पाणी ओतून कोमट पाणी ठेवायचे, एखादा पक्षी पिसे फुलवून कोपऱ्यात बसला असेल तर तो वेगळा करायचा. राणीखेत, म्हणजेच मानमोडी, या रोगाची लस वेळेवर टोचली आहे ना, याची नोंद ठेवायची. मुंगूस आणि रानमांजर यांची वर्दळही थंडीतल्या लांब रात्रींमुळे वाढल्यासारखी भासते. तेव्हा जाळीचे एकेक भोक तपासायचे.

घरात लहान पिल्ले असतील तर रात्रही आपली राहत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती दोन-तीन अंशांनी कमी करीत नेतात. बाहेर सात-आठ अंश तापमान असताना ही ऊब विजेच्या दिव्यावर टिकवायची असते. मध्यरात्री वीज गेली की पिल्ले ऊब शोधत एका कोपऱ्यात जमतात, एकमेकांवर चढतात आणि तळाची गुदमरून मरतात. ती वेगळी करण्यासाठी, धूर कोंडणार नाही अशा बेताने शेगडी ठेवण्यासाठी, कुणाला तरी अंथरुणातून उठावे लागते. शनिवार-रविवारच्या हौशीत हे उठणे कुठेच दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक सद्गृहस्थ पत्नीसह आले होते. वीस गुंठ्यांवर हौसेने पाळलेल्या वीस कोंबड्यांच्या दोनशे कराव्यात, त्यासाठी थोडे कर्ज मिळावे, असा त्यांचा विचार होता. सोबत स्वच्छ अक्षरात लिहिलेला आराखडा होता. शेड, पिल्ले, खाद्य, औषधे, वीज अशा साऱ्या बाबी होत्या. मजुरीच्या रकान्यात मात्र एकच शब्द होता : ‘घरचेच’. मी विचारले, “घरचे म्हणजे कोण?” ते क्षणभर थांबले. पत्नी हसून म्हणाल्या, “मीच की साहेब. दुसरं कोण? हे तर शनिवारी येतात.” त्या गावी राहून वृद्ध सासूबाईंना सांभाळत होत्या आणि यजमान नोकरीनिमित्त नाशिकला. हसण्यात तक्रार नव्हती. पण त्या रकान्यात लिहायला आकडा नव्हता म्हणून ते श्रमही नव्हते, असा जो हिशेब आपण घरोघर मांडतो, तो मला त्या दिवशी प्रथमच कागदावर उतरलेला दिसला.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला याची एक बाजू विशेष जाणवते. पिकांच्या हमीभावासाठी उत्पादनखर्च काढताना कृषी खर्च व मूल्य आयोग रोखीने केलेल्या खर्चाला ‘ए-२’ म्हणतो आणि त्यात कुटुंबाच्या श्रमांचे मूल्य ‘एफएल’ या नावाने मिळवतो. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात हमीभाव या एकत्रित खर्चाच्या किमान दीडपट देण्याचे जाहीर झाले. म्हणजे गहू-ज्वारीच्या शेतात घरच्या माणसांनी गाळलेल्या घामाला, पुरेसे असो वा अपुरे, सरकारदरबारी एक अक्षर आणि एक आकडा आहे. परसातल्या अंड्याला तो नाही. आणि हा परसू लहान नाही : २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात परसातील कोंबड्यांची संख्या ३१.७ कोटींच्या घरात होती आणि २०१२ च्या तुलनेत ती सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. यांतील बहुसंख्य कोंबड्या हौशीच्या नव्हेत, गरजेच्या आहेत, हे खरे. परंतु गरजेच्या घरी निदान सारेच घर पहाटे उठलेले असते.

आता खर्चाचे पाहू. वीस कोंबड्यांना प्रत्येकी ११० ग्रॅम धरले तर रोज २ किलो २०० ग्रॅम खाद्य लागते. चांगल्या दिवसांत बारा अंडी मिळत असतील तर एका अंड्यामागे सुमारे १८३ ग्रॅम खाद्य पडते. डिसेंबरमध्ये चारच मिळू लागली तर तेच प्रमाण ५५० ग्रॅमवर जाते. कोंबड्या मोकळ्या सोडून किडे-गवतावर, स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यावर पोसल्या तर हा आकडा खाली येतो, पण प्रमाण बदलत नाही. हिवाळ्यातले घरचे अंडे बाजारातल्या अंड्याहून महाग असते. ज्यांनी ते स्वस्त पडते असे स्वतःला पटवले आहे, त्यांनी बहुधा कुणाचे तरी दोन तास फुकट धरलेले असतात.

हौसेला कसला आलाय हिशेब, असे यावर कुणी म्हणेल. मला ते मान्य आहे. सहलीला जाताना आपण नफा-तोट्याचे पत्रक मांडत नाही. परंतु सहलीचा शीण ज्याचा त्याने सोसायचा असतो. हौस एकाची आणि गारठा दुसऱ्याचा, अशी विभागणी झाली की ती हौस राहत नाही. घरातल्या बाईच्या बाबतीत हे प्रेमाच्या नावाखाली झाकले जाते, तर सालगड्याच्या बाबतीत पगाराच्या. गड्याचा साल ठरतो तो शेतीच्या कामाचा. त्याची बायको पहाटे कोंबड्या सोडते, संध्याकाळी डालते, रात्री पिल्ले पाहते, आणि तिच्याशी कुणी काहीच ठरवलेले नसते. वर आठवड्याअखेरी अंडी मोजली जातात. चार कमी भरली तर संशयही तिच्यावरच. कोंबड्या थंडीत अंडी कमी देतात हे मालकाला ठाऊक नसण्याची किंमत त्या बाईने आपल्या अब्रूने मोजावी, हे मला कमालीचे अन्यायाचे वाटते. तिचे काम वेगळे ठरवावे, त्याचा मोबदला वेगळा द्यावा आणि तो शक्यतो तिच्याच बचत खात्यात जमा करावा. ही सूचना बँकेच्या माणसाची आहे म्हणून संशयाने पाहू नये.

मुलांचेही तसेच. मुलांना निसर्गाचा सहवास मिळावा म्हणून आम्ही हे करतो, असे पालक सांगतात तेव्हा ते मनापासून बोलत असतात. पण अंडे उचलणे हा या सहवासातला सर्वांत सोपा भाग आहे. नाताळच्या सुट्टीत चार दिवस जरी बारा वर्षांच्या मुलाने स्वेटर चढवून गादी उलथली, गोठलेल्या बोटांनी पाण्याचे भांडे घासले, तरी त्याला अंड्याची किंमत आणि ते रोज उचलून देणाऱ्या मावशींची योग्यता, दोन्ही कळतील. एखादी कोंबडी सकाळी मेलेली सापडेल, तीही त्याला पाहू द्यावी. म्हाताऱ्या कोंबडीचे काय करायचे, हा प्रश्नही घरात उघडपणे बोलला जावा. दोन-तीन वर्षांनंतर अंडी घटत जातात आणि नाव ठेवलेल्या कोंबडीविषयी घरात एकमत होणे कठीण असते. आमच्या माहितीतल्या एका घरात या विषयावर तीन पिढ्यांची तीन मते आहेत आणि कोंबडी अद्याप सुखरूप आहे.

हिवाळ्यात आणखी एक धोका असतो, आणि त्यात तर पहाटेचा माणूस कोण हा प्रश्न आरोग्याचा होतो. देशातला बर्ड फ्लू प्रथम नोंदला गेला तो २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला तो आढळला. दोन्ही वेळा दिवस थंडीचे होते. याच काळात स्थलांतरित पाणपक्षी आपल्या जलाशयांवर उतरतात. निफाडजवळच्या नांदूर मधमेश्वरचा पाणथळ प्रदेश तर रामसर यादीत समाविष्ट झालेला आहे. या पाहुण्यांना दोष देण्याचे कारण नाही, पण घरच्या कोंबड्या तळ्याकाठी चरू देऊ नयेत, खुराड्यासाठी चपला वेगळ्या ठेवाव्यात, हात साबणाने धुवावेत, आणि पक्षी एकाएकी मरू लागले तर ते न हाताळता, न शिजवता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. रोग आढळलाच तर ठरावीक परिघातील सर्व कोंबड्या नष्ट कराव्या लागतात; त्यात हौशी आणि व्यापारी असा भेद केला जात नाही. भरपाई मालकाला मिळते. रोज सकाळी त्या खुराड्यातली धूळ श्वासात घेणारी व्यक्ती मालकच असते असे नाही, म्हणून मुखपट्टी आणि हातमोजे आणायचे ते तिच्या मापाचे आणावेत.

राहता राहिला दिव्याचा प्रश्न. खुराड्यात पहाटे दिवा लावून उजेडाचे तास वाढवले की हिवाळ्यातही अंडी मिळतात. व्यापारी शेडमध्ये तेच करतात आणि शास्त्राला त्यात वावगे काही नाही. हौशीच्या कोंबड्यांना मात्र मी दिवा लावणार नाही. चार महिने कमी अंडी मिळाल्याने ज्या घराचे काही अडत नाही, त्या घराने कोंबडीला तिची विश्रांती द्यावी आणि पहाटेचे काम करणाऱ्यालाही अर्धा तास उशिरा उठू द्यावे.

ज्यांना यातून खरोखरच व्यवसाय उभा करायचा आहे त्यांची गोष्ट निराळी. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून किसान क्रेडिट कार्डाची सोय पशुपालकांनाही खुली झाली आहे. त्यांनी अवश्य यावे, मात्र आराखड्यात मजुरीचा रकाना भरून यावे. आणि ज्यांना केवळ पुढच्या थंडीत घरची अंडी हवी आहेत, त्यांनी आता, ऐन गारठ्यात, पिल्ले आणू नयेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये वनराजा, ग्रामप्रिया किंवा चांगल्या गावठी जातीची दहाच पिल्ले आणावीत. तोवर रात्रींचा कडाका ओसरलेला असतो, दिव्याखालची ऊब सांभाळणे सोपे जाते, आणि पावसाळ्याच्या अखेरीस अंड्यावर येणाऱ्या तलंगा आपला पहिला हिवाळा बहुधा अंडी देतच काढतात. पिल्ले आणण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी बसून कुणाची पाळी कोणत्या दिवशी, हे कागदावर लिहावे. तो कागद खुराड्याच्या दारावर लावावा आणि आठवड्यातले निदान दोन वार पुरुषांच्या नावावर असावेत.